अंधार उजळू नका : कृष्णधवल भयमालिका दाखवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
भारतात जुन्या परदेशी मालिका दाखवणाऱ्या स्ट्रीमिंग सेवांचे तांत्रिक व कार्यक्रम विभाग,
तसेच टीव्ही संच बनवणाऱ्या कंपन्यांचे चित्रगुणवत्ता विभाग

विषय : १९५५ ते १९६५ या काळातल्या कृष्णधवल भयमालिका जशा बनल्या तशाच दाखवण्याबाबत

स. न. वि. वि.

‘द ट्वायलाइट झोन’चा पहिला भाग अमेरिकेत सीबीएस या वाहिनीवर दिसला तो २ ऑक्टोबर १९५९ रोजी, मालिका संपली १९ जून १९६४ रोजी. भयपटांतला नट बोरिस कार्लोफ सादर करत असलेली ‘थ्रिलर’ १९६० ते १९६२ एनबीसीवर चालली, ‘द आउटर लिमिट्स’ १९६३ ते १९६५ एबीसीवर, आणि या सगळ्यांच्या आधी, १९५५ पासून, ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ सुरू झालेली होती. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे आपल्याकडे घरात टीव्ही यायला लागला तोवर या मालिका संपून सात ते दहा वर्षं उलटली होती. अमेरिकेतल्या प्रेक्षकाने त्या प्रसारणाच्या वेळी पाहिल्या, नंतर स्थानिक केंद्रांवर पुन्हापुन्हा पाहिल्या. त्यामुळे आज एखादी खराब प्रत समोर आली तर काहीतरी बिनसलंय हे त्याला कळतं. मराठी प्रेक्षकाची या मालिकांशी पहिली गाठ पडते ती बहुतेक वेळा तुमच्याच पडद्यावर. तुम्ही दाखवाल तीच त्याच्यासाठी मूळ प्रत. ती बिघडलेली असली तर त्याला मालिकाच सामान्य वाटते, आणि तो दहाव्या मिनिटाला दुसरीकडे वळतो.

साठ वर्षांनंतरही या मालिका माणसाला खुर्चीला का खिळवतात, असं विचारलं की ‘कथा चांगल्या होत्या’ हे उत्तर येतं. रॉड सर्लिंग, रिचर्ड मॅथेसन, चार्ल्स ब्यूमाँट, रॉबर्ट ब्लॉक यांनी लिहिलेलं कागदावरही भक्कम आहे, यात वाद नाही. ट्वायलाइट झोनच्या १५६ भागांपैकी ९२ एकट्या सर्लिंगने, म्हणजे त्या मालिकेच्या जनकाने आणि निवेदकाने, लिहिले. दर आठवड्याला नवी माणसं आणि नवी जागा असल्यामुळे इथे कोणीही सुरक्षित नसतं. ठरलेल्या नायकाच्या मालिकेत तो पुढच्या आठवड्यातही दिसणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. पण कथा हा निम्माच भाग झाला. उरलेलं निम्मं काम प्रकाश कुठे टाकायचा नाही, आवाज कुठे थांबवायचा आणि चौकटीच्या कडेला काय ठेवायचं, या निर्णयांनी केलेलं आहे. स्कॅनपासून टीव्हीच्या पडद्यापर्यंतच्या तुमच्या साखळीत बिघडतं ते नेमकं हेच निम्मं.

११ नोव्हेंबर १९६० रोजी दाखवलेला ‘आय ऑफ द बिहोल्डर’ घ्या. इस्पितळाची खोली, चेहऱ्यावर पट्ट्या बांधलेली एक बाई, भोवती डॉक्टर आणि नर्स. पट्ट्या निघेपर्यंत त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा आपल्याला दिसत नाही. दिग्दर्शक डग्लस हेज आणि कॅमेरामन जॉर्ज क्लेमेन्स यांनी यासाठी कोणतंही तांत्रिक आवरण वापरलेलं नाही. माणूस दिव्याच्या अलीकडे उभा करायचा म्हणजे कड उजळते आणि तोंड काळं राहतं. कोणी वळायला लागलं की मध्ये पडदा किंवा दुसऱ्याची पाठ येते. कॅमेरा हातांवर राहतो, सिगारेटच्या धुरावर राहतो. नट निवडताना हेजने त्यांच्याकडे न बघता फक्त आवाज ऐकले. चेहरा दाखवायचाच नाही तर आवाजात माया हवी, हा त्याचा विचार. शेवट इथे सांगत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणी तो भाग पहिल्यांदा बघणार असेल. पण त्या शेवटाची ताकद आधीच्या वीसेक मिनिटांच्या काळोखातून येते. टीव्हीने सावल्या उजळल्या तर त्यात लपवलेला तपशील मिळत नाही. ग्रेन (फिल्मवरचे बारीक कण) वर येतो, मागची भिंत उघडी पडते, आणि काळं तोंड राखाडी डागासारखं दिसायला लागतं. मग प्रेक्षक बाईकडे बघायचं सोडून त्या डागाकडे निरखून बघत बसतो.

रंगीत चित्रात लाल साडी हिरव्या भिंतीपासून आपोआप सुटी दिसते. कृष्णधवल फिल्मवर दोन्ही एकाच राखाडी छटेत उतरू शकतात. त्यामुळे माणूस भिंतीपासून वेगळा दिसायला हवा तर मागून कडेचा प्रकाश द्यावा लागतो, आणि तो मिसळून जायला हवा असेल तर द्यायचा नसतो. प्रत्येक कडा हा कोणीतरी घेतलेला निर्णय आहे. साध्या घरगुती प्रसंगात मुख्य दिवा (‘की लाइट’) आणि सावली उजळणारा दिवा (‘फिल लाइट’) यांचं प्रमाण २:१ च्या आसपास ठेवतात, म्हणजे चेहऱ्याच्या दोन बाजूंत एका स्टॉपचा, दुप्पट उजेडाचा, फरक. भयाच्या प्रसंगात ते ८:१ वर जातं, म्हणजे तीन स्टॉप. त्या काळच्या छोट्या, धूसर टीव्हीवर अंधार नीट उमटत नसे, म्हणून सगळीकडे सपाट भरपूर उजेड टाकण्याकडे टीव्हीवाल्यांचा कल असे. तो मोडून क्लेमेन्सने ट्वायलाइट झोन चित्रित केली आणि १९६१ मध्ये त्याला त्यासाठी एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. ‘द आउटर लिमिट्स’चे बरेच भाग कॉनरॅड हॉलचे आहेत, पुढे त्याने छायाचित्रणाची तीन ऑस्कर मिळवली. ‘सायको’ या १९६० च्या चित्रपटासाठी हिचकॉकने आपल्या टीव्ही मालिकेतलीच मंडळी आणि त्यांचा कॅमेरामन जॉन एल. रसेल घेतला होता. टीव्हीवर झटपट आणि कमी खर्चात काम करणारी ही माणसं काय दर्जाची होती, ते यावरून कळावं.

आता पहिली तांत्रिक विनंती. आठ बिटच्या व्हिडिओत काळ्याची पातळी १६ आणि पांढऱ्याची २३५ असते. संगणकाच्या पूर्ण पल्ल्यात तीच ० आणि २५५. फाइल १६ ते २३५ ची असताना साखळीतल्या एखाद्या टप्प्याने ती ० ते २५५ ची समजली, तर काळा राखाडी होतो आणि सगळं चित्र धुरकट दिसतं. उलट झालं तर १६ च्या खालचं सगळं एकसारखं काळं होतं: कार्लोफच्या गडद कोटाच्या घड्या जातात, खोलीचा कोपरा जातो, अंधारात उभा असलेला माणूसच नाहीसा होतो. रंगीत कार्यक्रमात ही चूक रंगांमुळे झाकली जाते, कृष्णधवलमध्ये ती लपत नाही. मास्टरपासून, म्हणजे मूळ प्रतीपासून, ॲपपर्यंत प्रत्येक टप्प्यावर हा पल्ला जुळतो का ते तपासा. सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही यांच्या एचडीएमआय सेटिंगमध्येही दोन्हीकडे एकच पर्याय असला पाहिजे.

दुसरी गोष्ट बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला किती माहिती द्यायची याची. रंग नाही म्हणजे माहिती कमी, म्हणजे कमी बिटरेट पुरेल, हा हिशोब चुकतो. नेहमीच्या ४:२:० पद्धतीत रंगाचे नमुने एकूण नमुन्यांच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच असतात, आणि त्यांवर बिट त्याहूनही कमी खर्च होतात. खरा खर्च उजेड-अंधाराच्या भागावर होतो, आणि फिल्मचा ग्रेन तिथेच असतो. बिटरेट तोडला की एन्कोडर, म्हणजे फाइल दाबून लहान करणारी यंत्रणा, सगळ्यात आधी अंधारातला ग्रेन पुसतो. तो गेला की भिंतीवरची हळूहळू काळी होत जाणारी सावली पायऱ्यापायऱ्यांची होते, आणि पात्र हललं की त्या पायऱ्या त्याच्याबरोबर सरकतात. ग्रेन हा दोष समजून आधीच धुऊन टाकला तर परिणाम आणखी वाईट होतो, कारण राखाडीच्या दोन जवळच्या छटांमधली सीमा डोळ्याला जाणवू न देण्याचं काम तो ग्रेनच करत असतो. शक्य असेल तिथे दहा बिटमध्ये एन्कोड करा. आठ बिटमध्येच करायचं असेल तर ग्रेनला हात न लावता अंधाऱ्या दृश्यांना जास्त बिट मिळतील अशी मांडणी ठेवा. आणि रंगाचे दोन्ही थर आठ बिटच्या हिशोबाने नेमके १२८ वर, म्हणजे शून्य रंगावर, बांधून टाका. जुन्या टेपवरून आलेल्या प्रतीत अधूनमधून हिरवट-जांभळट झाक तरळते, ती या एका पायरीने जाते.

रंग भरण्याचा मोह अलीकडे फार वाढला आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. १८ मार्च १९६० च्या ‘लाँग लिव्ह वॉल्टर जेमसन’मध्ये केविन मॅकार्थी या नटाचा चेहरा कॅमेऱ्यासमोर म्हातारा होत जातो. मेकअप तोच असतो, तरी सुरकुत्या उमटत जातात. त्याची रीत अशी. सुरकुत्या लाल रंगाने आधीच काढून ठेवायच्या. सुरुवातीला चेहऱ्यावर लाल प्रकाश टाकायचा. लाल रेघा आणि त्वचा दोन्ही लाल प्रकाश सारखाच परतवतात, त्यामुळे रेघा दिसत नाहीत. मग लाल दिवा हळूहळू कमी करत हिरवा वाढवायचा. लाल रंग हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून रेघा काळ्या होत वर येतात. फिल्म कृष्णधवल असल्यामुळे दिव्याचा रंग बदलल्याचं प्रेक्षकाला कळत नाही, फक्त म्हातारपण उतरताना दिसतं. हीच युक्ती १९३१ च्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ चित्रपटात वापरलेली होती. म्हणजे त्या दृश्यात सेटवर प्रत्यक्ष जे रंग होते ते लाल आणि हिरवे दिवे. तिथे ‘मूळ रंग’ परत आणण्यासारखं काही नाही. यंत्र तिथे जो गव्हाळ वर्ण भरेल तो शंभर टक्के कल्पित असेल, आणि त्याच्या हिशोबाने केलेली उजेडाची फेरफार ती सुरकुती मारून टाकेल. ‘द आउटर लिमिट्स’च्या पहिल्याच भागात, १६ सप्टेंबर १९६३ च्या ‘द गॅलक्सी बीइंग’मध्ये, परग्रहावरचा जीव निगेटिव्ह करून दाखवला आहे, म्हणून तो आतून पेटल्यासारखा वाटतो. त्याला काय रंग द्याल? रंगीत प्रत काढायचीच असेल तर ती वेगळ्या नावाने, वेगळ्या पानावर ठेवा. मालिकेच्या नावावर टिचकी मारल्यावर कृष्णधवलच उघडली पाहिजे.

चौकटीबद्दल थोडक्यात. या सगळ्या मालिका ४:३ मध्ये रचलेल्या आहेत. १६:९ पडदा भरण्यासाठी वरून-खालून कापलं तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. ताणलं तर माणसं तेहतीस टक्के रुंद होतात. ‘थ्रिलर’मधल्या ६ जून १९६१ च्या ‘पिजन्स फ्रॉम हेल’मध्ये ओसाड घराच्या जिन्याला जे महत्त्व आहे ते उंचीमुळे आहे. वरचा हिस्सा कापला की जिन्याच्या टोकाचा अंधारच जातो, आणि भीती तिथून येत असते. डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे राहू द्या. ते पूर्ण काळेच हवेत. त्यांत धूसर केलेलं चित्र किंवा मालिकेचं बोधचिन्ह भरू नका.

हालचालीविषयी या मालिकांच्या इतिहासातच एक उत्तम पुरावा आहे. दुसऱ्या सीझनमध्ये खर्च वाचवण्यासाठी ट्वायलाइट झोनचे सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर घेतले गेले: ‘द लेटनेस ऑफ द अवर’, ‘द होल ट्रुथ’, ‘द नाइट ऑफ द मीक’, ‘ट्वेंटी टू’, ‘स्टॅटिक’ आणि ‘लाँग डिस्टन्स कॉल’. सहा भागांत मिळून सुमारे ३०,००० डॉलर वाचले. पण टेपवर सेकंदाला साठ फील्ड (अर्ध्या-अर्ध्या ओळींची चित्रं) येतात, हालचाल गुळगुळीत दिसते, आणि गूढ जगाऐवजी शेजारच्या स्टुडिओत चाललेलं नाटक बघतोय असं वाटतं. बाहेरचं चित्रीकरण करता येत नव्हतं, संकलनाला मर्यादा होत्या. निर्मात्यांनी प्रयोग तिथेच थांबवला. कथा वाईट नव्हत्या. ‘लाँग डिस्टन्स कॉल’ची कथा तर अंगावर येणारी आहे. फरक फक्त हालचालीच्या पोताचा होता. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग दोन फ्रेमच्या मध्ये बनावट फ्रेम घालून सगळ्या मालिकेचा पोत त्या सहा भागांसारखा करून टाकतं. निर्मात्यांनी स्वतः करून बघून सोडलेली गोष्ट तुमचा संच त्यांच्या उरलेल्या दीडशे भागांवर लादतो.

शिवाय हे तंत्र नेमकं चुकीच्या जागी तुटतं. एखादी वस्तू दुसरीच्या आड जाते तेव्हा मधल्या फ्रेममध्ये काय असावं हे यंत्राला ठरवता येत नाही. ४ नोव्हेंबर १९६० च्या ‘द हाउलिंग मॅन’मध्ये एक माणूस लांब दालनातून खांबांच्या रांगेमागून चालत जातो आणि प्रत्येक खांबाआडून बाहेर येताना त्याचा चेहरा थोडा बदललेला असतो. बदलाचा सांधा खांबाआड लपवलेला आहे. स्मूदिंग चालू असलं की त्याच जागी चेहऱ्याभोवती चिकट ओघळ दिसतो आणि सांधा उघडा पडतो.

स्ट्रीमिंगच्या बाजूने करायचं ते असं. फिल्म सेकंदाला चोवीस फ्रेमची आहे. अमेरिकन प्रसारणासाठी एक फ्रेम दोन फील्ड, पुढची तीन फील्ड अशी पसरवली जाई. अशा टेपवरून प्रत घ्यावी लागली तर ती पसरण उलटवून २३.९७६ वर आणा. फ्रेम एकमेकांत मिसळून पंचवीस करू नका, त्याने प्रत्येक हालचालीमागे दुहेरी आकृती येते. वरचे सहा टेपवाले भाग मात्र अपवाद आहेत. त्यांची मूळ टेप हाती असेल तर ती ५९.९४ वरच ठेवा. त्यांना बळेबळे चोवीसवर आणलं तर हालचाल अडखळते. युरोपसाठी बनलेल्या पंचवीस फ्रेमच्या जुन्या मास्टरमध्ये आणखी एक सापळा आहे. फिल्म चार टक्के वेगाने पळते, पंचवीस मिनिटांचा भाग चोवीस मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी जवळपास ०.७ अर्धस्वराने चढते. ऐकायला हे थोडं वाटेल, पण कार्लोफच्या खर्जाचा सगळा दरारा त्या ०.७ मध्ये जातो. वेग पूर्ववत करताना पट्टीही खाली आणायला विसरू नका.

आवाजाचं काम चित्राइतकंच नाजूक आहे. १ नोव्हेंबर १९६३ च्या ‘लिव्हिंग डॉल’ला बर्नार्ड हरमनने संगीत दिलं ते बेस क्लॅरिनेट, हार्प आणि सेलेस्टा एवढ्यावर. वाद्यं मोजकी आणि मधल्या जागा रिकाम्या. २७ जानेवारी १९६१ च्या ‘द इन्व्हेडर्स’मध्ये ॲग्नेस मूरहेड जवळजवळ पूर्ण भागभर एकटी आहे आणि एक शब्दही बोलत नाही, सगळं श्वासांवर, लाकडी जमिनीच्या आवाजांवर आणि जेरी गोल्डस्मिथच्या संगीतावर चालतं. (भाषा आडवी येत नसल्यामुळे मराठी प्रेक्षकाला या मालिकेची ओळख करून द्यायला याहून चांगला भाग नाही. मुखपृष्ठावर तोच ठेवा.) आवाजाची पातळी एकसारखी करणारी यंत्रणा अशा भागात शांतता ऐकली की ती वर उचलते. मग श्वास हुंकारासारखा येतो, फिल्मची खरखर पुढे येते, आणि खरा दचका आला की तो दाबला जातो. पूर्ण भागाची सरासरी मोजून एकदाच पातळी लावा, क्षणाक्षणाला बदलणारी नको. खरखर काढताना हात आखडता घ्या: संवादाच्या मध्ये खरखर पूर्ण बंद आणि संवाद सुरू झाला की परत, असं झालं तर प्रत्येक वाक्याआधी दार उघडल्यासारखं ऐकू येतं. आवाज मूळ मोनो आहे, मोनोच राहू द्या. खोटा सराउंड केला की पावलं प्रेक्षकाच्या मागून येतात आणि चित्रातलं घर रिकामं होतं.

आता कार्यक्रम विभागासाठी. ‘इंट्रो वगळा’ आणि ‘पुढचा भाग पाच सेकंदांत’ ही दोन बटणं चालू मालिकांसाठी ठीक आहेत. इथे निवेदन हा कथेचा अवयव आहे. ‘थ्रिलर’मध्ये आधी छोटा प्रसंग घडतो, मग कार्लोफ त्या प्रसंगाच्या जागी येऊन बोलतो, नटांची ओळख करून देतो, बटणाने उडी मारली तर तो पूर्वप्रसंगही जाऊ शकतो. हिचकॉकच्या मालिकेत गुन्हेगार सुटून जातो असं वाटत असतानाच भाग संपतो आणि मग हिचकॉक येऊन सांगतो की तो शेवटी पकडला गेला. वाहिनीच्या नीतिनियमांना ते हवं असे, आणि हिचकॉक ते अशा सुरात सांगे की प्रेक्षकाने विश्वास ठेवायचा की नाही ते स्वतःच ठरवावं. तो अर्धा मिनिट कापला तर कथेचा अर्थच पालटतो. ‘द आउटर लिमिट्स’च्या सुरुवातीला निवेदक सांगतो की तुमच्या टीव्हीचा ताबा आम्ही घेतला आहे, आणि शेवटी तो परत केल्याचं जाहीर करतो. पुढचा भाग आपोआप सुरू झाला की ते परत करणं राहूनच जातं.

सर्लिंगच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि आरोपी सुटले. त्यावरून सर्लिंगने लिहिलेलं नाटक १९५६ मध्ये टीव्हीवर आलं तोवर प्रायोजकांच्या दबावाखाली त्यातून दक्षिणेचा, वंशाचा मागमूस पुसला गेला होता. परग्रहवासी आणि भुतं यांच्या तोंडून तेच सांगितलं तर कोणी हरकत घेत नाही, हे त्यातून त्याला उमगलं. ४ मार्च १९६० च्या ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’मध्ये एका गल्लीतली वीज जाते आणि काही तासांत शेजारी शेजाऱ्यावर उठतात. संशय आणि पूर्वग्रह हीच शस्त्रं, हे सर्लिंग शेवटच्या निवेदनात उघड सांगतो. ज्या वाक्यांसाठी त्याने हा सगळा खटाटोप केला ती तुमच्या पाच सेकंदांच्या चौकटीखाली दडता कामा नयेत. या मालिकांपुरतं स्वयंचलित पुढे जाणं बंद ठेवा आणि श्रेयनामावली पूर्ण आकारात जाऊ द्या. पुढच्या आठवड्याच्या भागाची झलक मात्र वेगळी काढून ठेवलीत तरी आमची तक्रार नाही.

जाहिराती घालायच्या असतील तर मूळ संकलनातच त्यांच्या जागा आहेत: चित्र काळं होऊन पुन्हा उजळतं तिथे. ट्वायलाइट झोनच्या अर्ध्या तासाच्या भागात सुरुवातीच्या निवेदनानंतर एक आणि साधारण मध्यावर एक. घड्याळ लावून दर आठव्या मिनिटाला कापू नका. थंबनेलसाठी भागाच्या पहिल्या तृतीयांशातलंच चित्र घ्या. शेवटचा चेहरा थंबनेलवर लावला की ‘आय ऑफ द बिहोल्डर’ बघण्यात काही उरत नाही. ट्वायलाइट झोनचा चौथा सीझन तासाभराच्या १८ भागांचा आहे, इतरांहून सैल आहे, तरी तो गाळू नका. क्रमही मूळ प्रसारणाचाच ठेवा.

मराठी सबटायटल द्या, ही आमची मनापासूनची मागणी आहे. नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचत मोठ्या झालेल्या वाचकाला छोट्या गूढकथेची चाल, तिचा शेवटच्या परिच्छेदातला वळसा, नव्याने शिकवावा लागत नाही. अनुवादकाला मात्र पूर्ण भाग आधी बघू द्या, नुसती संहिता देऊ नका. सर्लिंगची निवेदनं लांब वाक्यांची, तालातली आहेत. त्यांचे तुकडे करताना क्रियापद शेवटी येण्याची मराठीची सोय वापरा: रहस्याचा शब्द तो उच्चारतो त्याच क्षणी पडद्यावर यावा, दोन सेकंद आधी नाही. एका वेळी दोनच ओळी. बोलणाऱ्याचं नाव कंसात घालू नका, कारण आवाज कोणाचा हेच कधीकधी रहस्य असतं. अक्षरं पांढरीशुभ्र नकोत, फिकट राखाडी असावीत. अंधाऱ्या दृश्यात शुभ्र ओळ हीच पडद्यावरची सगळ्यात उजळ वस्तू ठरते, डोळा तिच्याकडे ओढला जातो आणि टीव्हीची आपोआप बदलणारी प्रखरताही तिच्यामुळे हलते. मागे काळी पेटीही नको, अक्षरांना पातळ काळी कड पुरते. ४:३ चित्राच्या आतच ओळ बसवा, बाजूच्या पट्ट्यांत जाऊ देऊ नका.

टीव्ही बनवणाऱ्यांना वेगळं फार सांगायचं नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेला फिल्ममेकर मोड हालचालीचं स्मूदिंग बंद करतो, चौकट आणि फ्रेमरेट तसेच ठेवतो आणि पांढऱ्याचा रंग ६५०० केल्विनच्या प्रमाणावर आणतो. तो स्वस्त संचांतही द्या, आणि मेनूच्या चौथ्या थरात न ठेवता रिमोटच्या एका बटणावर द्या. दुकानात नजरेत भरावा म्हणून संच भडक, निळसर ‘डायनॅमिक’वर ठेवलेला असतो आणि तसाच घरी जातो. त्यात कृष्णधवल चित्र निळं दिसतं, आणि दृश्यागणिक उजेड बदलणारं काँट्रास्ट सेटिंग निगेटिव्हमधल्या त्या चमकत्या जीवाला बघून बाकीची सगळी खोली काळी करून टाकतं. १२० हर्ट्झच्या पॅनलवर चोवीसची फ्रेम बरोबर पाच वेळा दाखवता येते, तिथे बनावट फ्रेमची गरजच नाही.

भाग चढवण्याआधी एक चाचणी करून बघा. अंधारी खोली, मध्यम किमतीचा संच, तुमचंच ॲप. ‘आय ऑफ द बिहोल्डर’ची पहिली दहा मिनिटं लावा: डॉक्टरांची कड दिसली पाहिजे, नाक-डोळे दिसता कामा नयेत, आणि बाजूचे पट्टे व चित्रातला काळा यांत फारसा फरक जाणवू नये. ‘द हाउलिंग मॅन’मधली खांबांची चाल बघा. ‘लिव्हिंग डॉल’ कमी आवाजात लावा. बाहुलीचं बोलणं स्पष्ट आणि मधली शांतता खरोखर शांत असली पाहिजे. ‘लाँग लिव्ह वॉल्टर जेमसन’चा शेवट फ्रेम थांबवत बघा, सुरकुत्या टप्प्याटप्प्याने न येता सलग उतरल्या पाहिजेत. शेवटी ‘मेपल स्ट्रीट’ संपू द्या आणि सर्लिंगचं बोलणं पूर्ण होईपर्यंत पडद्यावर दुसरं काही उगवतंय का ते पाहा. या पाचही ठिकाणी उत्तर बरोबर आलं, तर उरलेल्या भागांचं एन्कोडिंग त्याच सेटिंगवर करायला हरकत नाही. एखाद्या ठिकाणी चुकलं, तर ते सेटिंग दुरुस्त करून पाचही भाग पुन्हा पहिल्यापासून तपासा, कारण काळ्याची पातळी हलवली की ग्रेन हलतो आणि ग्रेन हलला की बिटरेटचा हिशोब बदलतो.

आपले,
कृष्णधवल भयमालिकांचे मराठी प्रेक्षक